शनिवारी दुखणारं डोकं

९ नोव्हेंबर १९९६, शनिवार

ही वही फक्त बिअरसाठी. तीस वर्षं कागदगिरणीत माल तपासला. वजन, ओल, जाडी, वेळ, सगळं लिहून खाली सही केल्याशिवाय माझ्या हातून एक गठ्ठा पुढे गेला नाही. निवृत्त झालो म्हणून सवय थोडीच सुटते? आमच्या क्लबातले लोक नुसत्या आठवणीवर बिअर करतात आणि बिघडली की पाण्याला नावं ठेवतात. नाचता येईना, अंगण वाकडं.

आज स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पाच गॅलन चढवलं. उकळी यायला एक तास पन्नास मिनिटं लागली, आणि आली ती उतूच गेली. मॉल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचं, गोड पाणी शेगडीच्या फटीत शिरून जळलं. अर्लिस तीनला कापडाच्या दुकानातून कामावरून आली, तोवर सगळीकडे काळा चिकटा. बायको म्हणून तिनं जे बोलायचं ते बोलली. तिच्या आईनं काठी टेकत येऊन त्यात भर घातली.

सासूबाईंचं नाव व्हर्ना टोलफसन. वय एक्याऐंशी. जन्मात थेंब घेतला नाही आणि दुसऱ्यानं घेतलेला पाहवत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तापापासून नाक गेलंय म्हणते, कशाचाच वास येत नाही म्हणते.

"वास नसला तरी मला कळतं काय शिजतंय ते," ती म्हणाली. "लाइल, ज्या चुलीवर मी नाताळची भाकरी भाजते, तिच्यावर माझ्या हयातीत दारू शिजणार नाही."

घर माझं. चूल माझी. हयात तिची.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

क्लबची बैठक. विषय माझाच: आच कशाची घ्यावी? ड्वेन प्रुस्की वायरमन आहे, त्याला प्रत्येक दुखण्यावर वीज हेच औषध दिसतं. म्हणाला, "पातेल्यात हीटर सोड. गॅरेजमध्ये मोठी लाइन ओढून देतो, मजुरी नको. ना ज्वाला, ना धूर, ना काळजी."

मी म्हणालो, "हीटरवर उकळलेल्या बिअरला धुण्याच्या पाण्याची चव येते. जिवंत ज्वाळेशिवाय मॉल्टला रंग चढत नाही."

"तुझ्या जिभेला ज्वाला कळते?" ड्वेननं विचारलं. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत दात आवळलेले होते. दोन वर्षं मेमधल्या बिअरच्या स्पर्धेत पहिल्या बक्षिसाची फीत हाच माणूस नेतोय, हीटरवर उकळून. त्याची वायर माझ्या घरात? गटाराचं पाणी पिईन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सिलिंडरवर चालणारी तीन पायांची शेगडी आणली. पेटवली की विमानासारखी गरजते. घरासमोरच्या फरशीवर मांडली. छत्तीस मिनिटांत उकळी! मन भरून आलं. पायाला लाल अक्षरांत पत्रा डकवलाय: फक्त उघड्यावर वापरा. असल्या सूचना वकिलांच्या पोटापाण्यासाठी असतात. माझ्या शिडीवरही लिहिलंय, वरच्या पायरीवर उभं राहू नका. मी चाळीस वर्षं तिथंच उभा आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

वारा, बर्फाचा चुरा. ज्वाला आडवी पळते, पातेल्याला लागतच नाही. सिलिंडरवर बोटभर हिम. दोन तास पाच मिनिटं. बोटं बधिर. इथं विस्कॉन्सिनमध्ये उघड्यावर म्हणजे वर्षातले पाच महिने. बाकीचे सात महिने काय करायचं, ते पत्र्यावर लिहिलेलं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

शेगडी गॅरेजमध्ये आत घेतली. दार पूर्ण उघडं. एक्केचाळीस मिनिटं. पण वाफ छताला लागून गोठते आणि थेंब मानेवर पडतात. छतात एक जुनी जाळी आहे. गॅरेजमध्ये भट्टी होती तेव्हा तिच्यातून वरच्या खोलीत ऊब जायची. तिच्यावर फळी ठोकलेली होती, ती काढली. वाफेला वाट मिळाली.

वरची खोली व्हर्नाची. खुबा मोडल्यावर तिला आणली, तेव्हा मीच बांधून दिली होती. दुपारी खाली आली नि म्हणाली, "लाइल, जाळी उघडलीस का रे? पायाला छान ऊब लागली. देव तुझं भलं करो."

अकरा वर्षांत बाईच्या तोंडून माझ्याबद्दल चांगला शब्द आज पहिल्यांदा ऐकला. लिहून ठेवतो, पुन्हा मिळेल न मिळेल.

७ डिसेंबर, शनिवार

बाहेर शून्याला टेकलेलं. दार खाली ओढलं, फक्त विटेएवढी फट. चौतीस मिनिटं! ऊब राहिली की आच वाया जात नाही, साधा हिशेब. एकदा उकळी लागली की मी स्वयंपाकघरात घड्याळ लावून बसतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी सुकी फुलं, टाकायला तेवढा आत जातो.

बाराला व्हर्ना कपाळ धरून जिन्यात. डोकं ठणकतंय म्हणे. अर्लिस घरी आल्यावर गोळी दिली. संध्याकाळी बरं.

१४ डिसेंबर, शनिवार

दार: अर्धी वीट. उकळी: ३२ मिनिटं. व्हर्ना: पावणेबाराला डोकं, शिवाय मळमळ. जेवली नाही.

बरोबर मागच्या शनिवारसारखं. माझ्या लक्षात यायला लागलंय.

१७ डिसेंबर, मंगळवार

अर्लिस आईला डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्तदाब ठीक, छाती ठीक, डोळे ठीक. डॉक्टर म्हणाला, वय आहे. डोकं दुखतंय का विचारलं तर व्हर्ना म्हणते, आज नाही. आज कसं दुखेल? मंगळवारी मी बिअर करत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

दार: बंद. फटीतून बर्फ येत होता. उकळी: २९ मिनिटं, आजवरची सर्वांत लवकर. व्हर्ना: साडेअकराला डोकं, एकदा उलटी. जिन्यात पाय लटपटले. मी हात धरून वर नेऊन बसवलं, तर म्हणते, "लाइल, माझं काहीतरी होतंय. तू जरा बस ना इथं."

हॉप्सची वेळ झाली होती. कसा बसणार?

रात्रीच्या जेवणाला अर्लिसला स्पष्ट सांगितलं, "तुझ्या आईला माझी बिअर खुपते. शेगडी पेटली की डोकं दुखतं. विझली की थांबतं."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल."

"तीन शनिवार तोच कावळा?"

अर्लिस गप्प झाली. हातात पुरावा असला की माणसं गप्प होतात, हे मी गिरणीत शिकलो.

२८ डिसेंबर, शनिवार

नाताळनंतर व्हर्ना धाकट्या लेकीकडे गेली आहे. दार बंद. उकळी ३० मिनिटं. फोन करून मुद्दाम विचारलं. डोकं? अजिबात नाही. खडखडीत. पत्ते खेळत होती. बघायला जावई नसला की नाटकाचा प्रयोग रद्द.

माझं डोकं मात्र जड आहे. चव बघता बघता जास्त झाली असावी.

३१ डिसेंबर, मंगळवार

ड्वेन नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला आला. जाता जाता विचारलं, "गॅरेजचं दार उघडं ठेवतोस ना रे?" मी म्हणालो, "हो, हो." त्याला माझ्या उकळीची वेळ कळली की झोप उडेल त्याची. गुपित फुटू नये म्हणून दार बंद ठेवतो ते सांगितलंच नाही.

४ जानेवारी १९९७, शनिवार

व्हर्ना परत आली, डोकं परत आलं. वेळ ११:४०. उलटी दोनदा. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला मी इतकी नकोशी झाले का रे?" डोळ्यांत पाणी. तेवढ्यापुरतं मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग आठवलं की नाताळला हीच बाई चर्चच्या तळघरात उभ्यानं शंभर जणांना कॉफी वाढत होती.

११ जानेवारी, शनिवार

आज खरी परीक्षा घेतली. गिरणीत आम्ही असंच करायचो. माल कुणाचा ते तपासणाऱ्याला सांगायचं नाही.

सकाळी व्हर्नाला म्हणालो, "आज बिअर नाही. तळ्यावर बर्फात गळ टाकायला चाललो." गाडी कोपऱ्यापलीकडे उभी केली, गल्लीतून मागच्या दारानं परत आलो. बूट काढून मोज्यांवर वावरलो. दार बंद, दाराखाली जुनं पोतं. दहाला पेटवली. घरात अर्लिस नाही, रेडिओ नाही, चिटपाखरू नाही. मी स्वयंपाकघरात जिन्याकडे कान देऊन बसलो.

अकरा वीसला ती वर ओकली.

मी हललोच. तिला कळलं कसं? ऐकू तर फारसं येत नाही. मग वासानं कळलं असणार. म्हणजे नाक गेलंय तेही सोंग! दोन वर्षं आम्ही तिच्या पुढ्यातून करपलेलं दूध उचलतोय, आणि बाईचं नाक कुत्र्यासारखं शाबूत. म्हातारी पोचलेली आहे. मानलं.

तिला काही बोललो नाही. संध्याकाळी तिनं विचारलं, मासे मिळाले का. नाही म्हणालो.

१३ जानेवारी, सोमवार

तक्ता केला. पाच शनिवार. तारीख, पेटवल्याची वेळ, दार, उकळी, डोकं दुखल्याची वेळ, उलट्या. अर्लिससमोर ठेवला. तिनं बराच वेळ पाहिला. म्हणाली, "दार जितकं बंद, तितकं लवकर दुखतंय."

"दार बंद म्हणजे तिला वाटतं मी बिअरमध्ये जास्त गुंतलोय. तितका राग जास्त."

"लाइल, डॉक्टरला हा कागद दाखवू या का?"

"दाखव की. वेड्यांच्या डॉक्टरला दाखव."

अर्लिसनं कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला. व्हर्नानं तो वाचला असणार, कारण संध्याकाळी जेवायला खाली आली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

बिअर नाही. सिलिंडर रिकामा, दुकान बंद. व्हर्ना: काही नाही. दुपारी लोकर विणत होती. मला हातमोजे विणतेय म्हणे, गळ टाकताना बोटं गारठतात म्हणून. निळे.

तक्त्यात टिंब दिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

उद्या मेच्या स्पर्धेची बिअर. जड, काळपट, चार महिने मुरणारी. तीन तास उकळायची. दोन पातेली, दोन शेगड्या. रेडिओवर उणे एकवीस सांगतायत. रात्री सगळे बाहेर तळलेला मासा खायला गेलो होतो. व्हर्ना चांगली जेवली. गाडीत अर्लिसला हळूच म्हणाली, ते मला ऐकू आलं: "उद्या तू सुटी घेशील का गं? मला शनिवारची भीती वाटते."

अर्लिसनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी आहे ना घरी."

२५ जानेवारी, शनिवार

९:५०. दोन्ही पेटवल्या. दार बंद, खाली गालिचा दाबून बसवला. वारा आत येणार नाही.

१०:१५. उकळी. पंचवीस मिनिटं! ड्वेन, बस आता.

१०:५०. हॉप्स पहिले. वर काठी आपटतेय. तीनदा.

११:१५. पुन्हा काठी. आपटा. मी जाणार नाही. लाड केले की लहान मूलही बिघडतं आणि म्हातारंही.

११:३०. काठी. आता हळू.

१२:०५. आवाज थांबला. अखेर दमली. मीच आधी दमेन अशी पैज लावली होती वाटतं.

१२:४०. हॉप्स दुसरे. माझं डोकं ठणकतंय, थंडीनं. मघाशी वर जाऊन आलो. व्हर्ना जाळीपाशी खुर्ची ओढून बसलीय, दोन्ही पाय जाळीवर, मान खाली. निळा हातमोजा मांडीवर. म्हणालो, "पुरे आता, व्हर्ना." हूं नाही की चूं नाही. गाल बघितले, कोवळ्या मुलीसारखे लालचुटूक! आजारी माणसाचे गाल असे असतात? झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. येताना काठी उचलून कोपऱ्यात ठेवली. तिचा हात पोचणार नाही अशी.

१:१५. उकळी संपली. विझवल्या. रंग जुन्या चामड्यासारखा, खोल. आजवर माझ्या हातून झालेली ही सर्वांत चांगली बिअर. लिहून ठेवतो.

३:१०. अर्लिस आली. वर गेली.

३० जानेवारी, गुरुवार

काल पुरलं. जमीन इतकी गोठलेली की यंत्र आणावं लागलं. चर्चमध्ये कॉफी कुणी वाढायची ते कुणाला सुचेना, दर वेळी तीच वाढायची.

अग्निशमन दलाचा माणूस सोमवारी आला होता. तरुण, नम्र. मला शेगड्या पेटवायला सांगितल्या, तशाच, दार बंद करून. मग आम्ही बाहेर बर्फात उभे राहिलो. तो तोंडाला मुखवटा लावून हातात यंत्र घेऊन वर गेला आणि लगेच खाली आला.

"साहेब, बंद जागेत ज्वालेला हवा पुरेना की विषारी वायू होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. गरम हवेबरोबर तो जाळीतून वर जात होता. डोकं दुखणं, मळमळ, उलटी, मग झोप. गाल लाल होतात," तो म्हणाला. "त्यांना आधी कधी त्रास झाला होता?"

मी म्हणालो, "वय होतं."

खरंच वयही होतं. एक्याऐंशी. मी हेही लिहिलं पाहिजे. शिडीवरही लिहिलेलं असतं.

त्यानं कागदावर लिहिलं: अपघात. मी सही केली.

२ फेब्रुवारी, रविवार

फ्रिजवरचा तक्ता जागेवर नाही. मी काढला नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी वही शोधली तर अर्लिसपुढे टेबलावर. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचत होती. मी उभा राहिलो. पंचवीस तारखेपर्यंत आली, तेव्हा बोट ठेवून वाचू लागली, शाळेतल्या मुलीसारखं. काठीच्या ओळीवर बोट थांबलं.

"हात पोचणार नाही अशी," तिनं मोठ्यानं वाचलं.

"अर्लिस, मला काय ठाऊक? कागदावर लिहिलंय, अपघात."

"अपघात एकदा होतो, लाइल. तू सहा वेळा लिहून ठेवलायस." तिचा आवाज चढला नाही. "गाडी लपवून. मोज्यांवर चालून. आणि तू मला तक्ता दाखवलास. मीही पाहिला. मी तो फ्रिजला लावला. मीच लावला."

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. वही माझ्याकडे सरकवून वर गेली, आईच्या खोलीत. उशी घेऊन.

वहीत फ्रिजवरचा तक्ता घडी करून ठेवलेला होता. तेव्हा पहिल्यांदा मी बसून तो वाचला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. दार अर्धी वीट, डोकं. दार बंद, उलटी. गिरणीतल्या कुठल्याही पोरानं हा गठ्ठा पाच मिनिटांत बाजूला काढला असता. मी व्हर्नाला मारलं. माझ्याच अक्षरात आहे, आणि प्रत्येक आकडा बरोबर आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ड्वेन दोनदा येऊन गेला, दाराशीच उभा राहिला. शेगड्या तूच ने म्हणालो. नको म्हणाला.

बिअर तळघरात आहे. ओतवत नाही आणि बघवत नाही.

अर्लिसनं दुकानातली शनिवारची पाळी सोडलीय. आज सकाळी कपडे करून, केस विंचरून वर गेली आणि आईची खुर्ची जाळीपाशी ओढून बसली. मला ओढल्याचा आवाज आला. मी गॅरेजच्या पायरीवर बसलो होतो. कशासाठी, मला सांगता येत नाही. दहा वाजले.

"पेटवलीस का?" वरून आवाज.

"नाही."

जाळीतून तिचे पाय दिसत होते, आणि खाली सोडलेले हात. निळे हातमोजे तिनं हातांत घातले होते, एक पुरा, एक अर्धा.

दहा वीसला पुन्हा, "पेटवलीस का?"

"नाही गं, अर्लिस. नाही पेटवली. दार सताड उघडं आहे, बघ." गॅरेजमध्ये बर्फ उडत होता.

वर खुर्ची करकरली. मला वाटलं, उठली. मग काठी आपटली. तीनदा.

"माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली.

मी जाळीकडे वर पाहिलं.

"लिही," ती म्हणाली.

१०:४०. दार: उघडं. शेगडी: नाही. अर्लिस: डोकं.